पालथा घातलेला चौक

आमच्या बाजार चौकात वेशीच्या डाव्या अंगाला काळ्या ग्रॅनाईटची एक पाटी आहे. ‘या ऐतिहासिक चौकाची उभारणी पुरातन काळी झाली’ अशी तिची सुरुवात होते. तो मजकूर माझा. पाटी करायची ठरली तेव्हा मी नगराध्यक्षांना विचारायला गेलो, की चौक किती जुना लिहू? ते फोनवर बोलत होते. फोनवर हात ठेवून म्हणाले, “जमंल तितका जुना लिहा.” मी पुरातन लिहिलं. आता शाळेच्या सहली येतात, पोरं वह्या काढून ते उतरवून घेतात, आणि मी पारावर बसलेलो असलो तर तोंड दुसरीकडे करतो.

या अंकाच्या संपादकांनी मला चौकाचा इतिहास आणि वास्तुरचना यांवर लिहायला सांगितलं आहे. गावाचं नाव मी लिहीत नाही. शिरूर आणि दौंड यांच्या मध्ये, भीमेच्या अंगाचं एक गाव, एवढं पुरे. तिथली माणसं मला अजून रामराम घालतात, ते चालू राहावं अशी इच्छा आहे. मी तिथे तीसेक वर्षं ओव्हरसियर होतो. ओव्हरसियर म्हणजे काय, ते आमच्या घरीसुद्धा नीट कळलं नाही. इंजिनियर कागदावर सही करतो, गवंडी दगड लावतो, आणि दोघांच्या मधे उन्हात उभा राहून दोघांच्याही शिव्या खातो तो ओव्हरसियर. हत्यारं तीन. टेप, ओळंबा आणि पाणी भरलेली प्लास्टिकची नळी. नळीच्या दोन टोकांना पाणी एका पातळीत राहतं, त्यावरून जमिनीचा ढाळ कळतो. नगराध्यक्ष बदलले, योजना बदलल्या, पण नळी कधी खोटं बोलली नाही. बाकी सगळ्यांचा अनुभव घेतला.

चौक म्हणावा तर तो चौकोनी नाही. चारही बाजू मी मोजल्या आहेत, एकही दुसरीशी जुळत नाही. नदीकडून वर आलं की दोन बुटके बुरूज आणि मधे कमान, ती वेस. वेशीतून आत शिरलं की तीन बाजूंना ओवऱ्या. म्हणजे पुढे सागाचे खांब, खांबाखाली घडीव दगडाची उथळी, मागे फळ्यांच्या दाराची दुकानं. मधोमध लिंबाचा पार. आणि सगळीकडे काळ्या दगडाची फरसबंदी. बांधणाऱ्याचं नाव कुणाला ठाऊक नाही, पण त्याला पाणी कळत होतं. मी पहिल्या वर्षी नळी लावून पाहिलं. पारापासून चारी कोपऱ्यांकडे हातभर उतार काढलेला, आणि तो इतका सावकाश, की डोक्यावर पाटी घेतलेल्या बाईच्या पायाला जाणवू नये. कसलाही पाऊस पडो, अर्ध्या तासात चौक कोरडा. मला इतका आनंद झाला होता की घरी जाऊन बायकोला सांगितलं. ती म्हणाली, “बरं. दळण आणलं का?”

गिऱ्हाइकं एकेक भेटली. ओवरीतल्या एका किराणा शेटजींची पायरी दर वर्षी बोटभर पुढे यायची. मी टेप लावला की म्हणायचे, “साहेब, पायरी तिथंच हाय. चौक मागं सरकतोय.” दुसरे एक गृहस्थ पुण्याहून मोटार घेऊन यायचे. आपले पूर्वज सरदार होते आणि वेस त्यांनी बांधली, असं त्यांचं म्हणणं. पुरावा काय, तर त्यांचं आणि कमानीतल्या शिल्पातल्या माणसाचं नाक सारखं आहे. मी शिडी लावून नीट पाहिलं. शिल्पातल्या माणसाला नाकच नव्हतं, कधीच झडून गेलेलं. तरी त्यांना वाईट वाटेल म्हणून म्हणालो, थोडं साम्य आहे. सरकारी नोकरीत असली पुण्यकर्मं पुष्कळ करावी लागतात.

पण हे सगळं टाळाटाळ करण्यासाठी चाललंय. मला लिहायचंय ते फरसबंदीबद्दल, आणि सुभद्राबाईंबद्दल.

आठवड्याचा बाजार या चौकात भरायचा. कवठे येमाईचा कांदा यायचा, वडगाव रासाईची वांगी यायची, यवतकडून कापडवाले टेम्पो घेऊन यायचे. दीडदोनशे माणसं बसायची, आणि जागेवरून भांडण म्हणून नाही. नवीन माणसाला याचं नवल वाटे. रेघ नाही, नंबर नाही, मग कुणी कुठे बसायचं हे ठरतं कसं? तर दगडावरून. प्रत्येकाच्या फरशीत पालाची मेढ उभी करायला एक खळगा कोरलेला. कुणाच्या बापाने कोरलेला, कुणाच्या पणज्याने. कुणाच्या फरशीवर तराजू घासून घासून खोबण पडलेली. घोंगडीवाल्या आबांच्या फरशीवर वाघबकरीचा पट कोरलेला होता. गिऱ्हाईक नसलं की ते शेजाऱ्याशी खेळायचे, गिऱ्हाईक आलं तरी डाव संपेस्तोवर थांबायला लावायचे. माणूस यायचा, पायाने आपला खळगा चाचपायचा आणि पाटी उतरवायचा. कागदपत्र म्हणा, सातबारा म्हणा, तो दगडच होता.

सुभद्राबाईंचा दगड वेशीतून आत आलं की पहिलाच. बाकीचे खळगे गोल, त्यांचा वाकडा, अंड्यासारखा. त्यामुळे मेढ कलायची आणि पाल नेहमी तिरपं असायचं. बाजारात त्याला वाकडं पालच म्हणत. मेथी, शेपू, कोथिंबीर विकायच्या. आवाज खणखणीत. मी एकदा सहज म्हणालो, “मावशी, एवढा वाकडा खळगा कुणी पाडला? आमच्या मिस्त्रीकडून नीट करून देऊ का?”

त्यांनी जुडी बांधता बांधता माझ्याकडे पाहिलं. “हात लावू नका. माझ्या सासऱ्यानं पाडलाय.”

मग त्यांनी सांगितलं ते असं. त्यांच्या वस्तीतल्या माणसांनी पूर्वी वेशीच्या बाहेर बसायचं. केरसुण्या, दोर असलं काही विकायचं. खायची वस्तू त्यांच्या हातची कुणी घ्यायचं नाही, त्यामुळे भाजी विकायचा प्रश्नच नव्हता. सासरे रेल्वेच्या रुळांखालची खडी फोडायला जात. त्यांनी दीक्षा घेतली आणि सासूला म्हणाले, आता आत बसायचं, आन् भाजी घेऊनच बसायचं.

“मी तवा नवी नवरी,” सुभद्राबाई म्हणाल्या. “भर बाजारात, दिवसाढवळ्या त्यांनी दगडाला टाकी लावली. सगळा बाजार गप. निस्ता ठाक् ठाक् आवाज. हात थरथरत व्हता, म्हून खळगा वाकडा झाला. खडी फोडणारा माणूस, त्याला कोरायचं काय ठावं? पर पाडला. सासू बसली. त्या दिशी एक जुडी खपली न्हाई. सगळी मेथी घरी आणून आम्हीच खाल्ली. दुसऱ्या बाजारी दोन जुड्या गेल्या.”

मी ‘बरं’ म्हणालो. पण त्या दिवसापासून वेशीतून आत येताना मी त्या दगडावर पाय दिला नाही. वळसा घालून जायचो.

माझ्या निवृत्तीला दोन वर्षं उरली असताना चौकाच्या सुशोभीकरणाची योजना आली. फरशी झिजून काचेसारखी गुळगुळीत झाली होती, माणसं घसरत होती, हे खरं. वरच्यांचा बेत होता की सगळा दगड उखडायचा आणि लाल-पिवळे पेव्हर ब्लॉक बसवायचे. मी हटून बसलो. जन्मात पहिल्यांदा साहेबांसमोर आवाज चढवला. माझी युक्ती अशी, की दगड वरून झिजलाय, खालून कोरा आहे. उलटा करू, खालची बाजू टाकीने थोडी खडबडीत करू आणि तोच दगड पालथा घालू. जुना दगड वाचेल, घसरणं थांबेल, खर्चही कमी. साहेब खूष झाले. आमचे हणमंत मिस्त्री, चौकातली निम्मी दुरुस्ती ज्यांच्या हातची, तेसुद्धा म्हणाले, “डोकं लावलं राव तुम्ही.” मी आठवडाभर छाती काढून फिरत होतो.

काम सुरू व्हायच्या आधी सुभद्राबाई ऑफिसात आल्या. ऑफिसात त्या कधीच यायच्या नाहीत. दारातच उभ्या राहिल्या.

“साहेब, माझा दगड?”

“दगड कुठं जात नाही, मावशी. मीच वाचवलाय. तुमचा दगड चौकातच राहणार.”

“शबुद हाय?”

“शब्द आहे.”

त्यांनी हात जोडले आणि गेल्या. आता वाचणाऱ्याच्या ध्यानात आलंच असेल. माझ्या ध्यानात आलं नाही. नळीने ढाळ मोजणारा, इंच इंच जुळवणारा मी, पालथ्या घातलेल्या दगडावरचे खळगे खाली जातील एवढं साधं मला सुचलं नाही. दगड उपसले, पाराशेजारी थप्प्या लावल्या, आणि गवंड्यांनी ज्याच्या मापाला जो बसेल तो तिथे बसवला. कमानीचा घडीव दगड काढताना आम्ही त्यावर नंबर टाकतो. फरशीला कोण नंबर टाकतो? फरशी ती फरशी, हे आमच्या धंद्यातलं शहाणपण. ढाळ मात्र मी पूर्वीइतकाच काढला, नळी लावून. त्याचा मला फार अभिमान होता.

नव्या चौकातला पहिला बाजार मी विसरू शकत नाही. माणसं पाट्या डोक्यावर घेऊन नुसती फिरत होती. कांदेवाला पायाने फरशी चाचपतोय, पुढे जातोय, परत मागे येतोय. घोंगडीवाले आबा पाराला टेकून बसले आणि मला म्हणाले, “ओव्हरसाहेब, माझा वाघ कुठं नेला वो?” मला हसू आलं, आणि पुढच्या क्षणाला कळलं की काय करून ठेवलंय. दुपारपर्यंत दोन ठिकाणी हातघाई झाली. कधी नव्हे ते पोलीस आले.

मग वरून हुकूम आला की पिवळ्या रंगाचे चौकोन आखा, नंबर टाका, यादी करा. नकाशा मी केला. वेशीतून रुग्णवाहिका वळली पाहिजे असा नियम, म्हणून वेशीपासून दहा फूट जागा मोकळी सोडली. नियमात चूक काही नव्हती. त्या दहा फुटांत बसणारं माणूस एकच होतं, एवढंच. यादीच्या शेवटी चौकोन कमी पडले. उरलेल्यांना वेशीच्या बाहेर, गटाराशेजारी जागा दिली. त्यात सुभद्राबाईंचं नाव होतं. ती यादी मी टाईप करून घेतली, सही केली, आणि नाव वाचूनही माझा हात थांबला नाही. दमलो होतो. तीन आठवडे भांडणं मिटवत होतो. दमलेल्या माणसाच्या हातून जे होतं ते वाईट माणसाच्या हातूनही होत नसेल.

त्या बाजाराला त्या आल्या. बाहेरचा चौकोन पाहिला. पाटी खाली ठेवली नाही. सरळ माझ्याकडे आल्या.

“साहेब, मी येशीभायेर बसायची न्हाई.”

“मावशी, पुढच्या यादीत बघतो. थोडे दिवस...”

“तुम्ही मुद्दाम न्हाई केलं, ते मला ठावं हाय.” त्या अगदी शांतपणे बोलत होत्या. “मुद्दाम केलं असतं तर भांडले असते. आता कुणाशी भांडू?”

आणि मेथीची भरली पाटी तशीच डोक्यावर घेऊन वेशीतून बाहेर गेल्या. त्यानंतर त्या बाजारात बसल्या नाहीत. गल्लोगल्ली फिरून भाजी विकायच्या, गुडघे थकल्यावर तेही बंद झालं.

मी काहीच केलं नाही असं नाही. हणमंत मिस्त्रींना म्हणालो, आपण पहार घेऊन दगड शोधू. ते म्हणाले, “साहेब, हजारभर फरशा हायती. कुठली उचलायची?” तरी मी वर अर्ज केला. उत्तर आलं, की पूर्ण झालेलं काम उकरता येणार नाही. हे उत्तर मी स्वतःच कित्येकांना दिलेलं होतं, शब्दन् शब्द तेच. मग निवृत्त झालो. नारळ, शाल, भाषणं. ऐतिहासिक चौकाचे शिल्पकार, असं कुणीतरी म्हणालं. मला तिथून उठून जावंसं वाटलं. उठलो नाही, शाल पांघरून बसलो. रिटायर झाल्यावर माणसाला झोप लागते म्हणतात. मला तो ठाक् ठाक् आवाज ऐकू यायचा, मी कधी न ऐकलेला.

गेल्या उन्हाळ्यात पाण्याची नवी लाईन टाकायला चौक खणायला घेतला. मी दौंडला घरी पेपर वाचत होतो. हणमंत मिस्त्रींचा फोन. आता त्यांनाही काम होत नाही, पण चौकात कुणी दगड उचलला की ते तिथे हजर.

“साहेब, हाय तसं या. वाकडा घावला.”

मोटारसायकल काढली. इतक्या वर्षांत कधी चालवली नव्हती तशी चालवली. पाहतो तर पाराच्या अगदी बुडाशी, चौकाच्या मधोमध, एक फरशी उताणी पडलेली. मिस्त्रींनी बोटाने खळग्यातली वाळू काढली. अंड्यासारखा, एका बाजूला ओढलेला. टाकीचा एक घाव चुकून बाहेर गेलेला, त्याचा ओरखडासुद्धा तसाच. मी खाली बसलो.

सुभद्राबाईंना त्यांची नात स्कूटीवर घेऊन आली. नात रांजणगावला कंपनीत आहे, अंगावर कंपनीचाच शर्ट होता. म्हातारी वाकली, खळग्यात चार बोटं घातली आणि तशीच राहिली. मग मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

“सासऱ्यानं खळगा येशीच्या आत एक पाऊल आणला व्हता. तुम्ही तर पार मधी आणून टाकला की वो.” आणि जरा थांबून म्हणाल्या, “त्यो बी पालथा.”

त्या हसल्या. मला मात्र रडू आलं. भर चौकात, कामगारांच्या देखत. हणमंत मिस्त्री उगाचच टेप गुंडाळायला लागले.

मी डोळे पुसून म्हणालो, “मावशी, हा वेशीपाशी नेऊन बसवू. तुमच्या जागेवर.”

“कशाला? पुन्यांदा दाराशी कशाला नेता?” त्या म्हणाल्या. “हितंच ऱ्हाऊ द्या. निस्ता सुलटा घाला. माझ्यानं आता बसवत न्हाई, ही पोरगी काय बाजारात बसणार न्हाई. पर त्यो मातीत तोंड खुपसून नको.”

ठेकेदाराचा सुपरवायझर पुढे आला. पोरगेला, डोक्यावर हेल्मेट, तोंडात हिंदी-मराठीची भेळ. “अंकल, ये उल्टा नहीं लगेगा. खळग्यात पाय अडकंल लोकांचा. ऑर्डर कुणाची?”

“मी इथला ओव्हरसियर.”

“लेटर?”

“लेटर मागनं येईल,” मी म्हणालो.

तीस वर्षं हे वाक्य मी ऐकत आलो होतो. बोललो पहिल्यांदाच, आणि धडधडीत खोटं. पण आवाज असा लागला की पोरगा बाजूला झाला. मिस्त्रींनी वाळू पसरली, मी नळी धरली. दगड सुलटा बसला.

पुढच्या बाजाराला म्हातारी आली. नातीने सुट्टी काढली होती. खळग्यात मेढ उभी केली, ती कलली, पाल तिरपं झालं. बाजारातल्या जुन्या माणसांनी ते लांबून पाहिलं आणि एकेक करत येऊन मेथी घेतली. घोंगडीवाले आबा सांगून गेले, की त्यांचा वाघ पण याच चौकात कुठंतरी पालथा पडलाय, ध्यानात असू द्या. खरंच आहे. हजारभर फरशांखाली सगळ्यांचं सगळं पडलंय, आणि ते मीच घातलंय. सुभद्राबाई तेवढा एकच बाजार बसल्या. घरी जाताना पाटीत एकही जुडी उरली नव्हती.

दगड आहे तिथेच आहे. वेशीजवळच्या ग्रॅनाईटच्या पाटीवर त्याच्याबद्दल काही लिहिलेलं नाही, आणि खळगा तर खरोखरच पायात येतो. सुपरवायझरचं बरोबर होतं. परवाच्या बाजारी एका माणसाची चप्पल त्यात अडकली, चपलेचा अंगठा तुटला. त्याने चप्पल हातात घेतली, चारी बाजूंना पाहिलं आणि ओरडला, “कुठल्या गाढवानं घातलाय रं ह्यो दगड?”

मी शेजारीच पारावर बसलो होतो. मी हात वर केला.